सहाव्या हिश्श्याची गोष्ट

मार्च महिना जवळ आला की आमच्या धर्मग्रामाच्या कचेरीत येणाऱ्यांचा एक ठरलेला प्रश्न असे: "फादर, देणगीची पावती एकतीस तारखेच्या आत मिळेल ना?" गेल्या काही वर्षांत हा प्रश्न विरळ झाला आहे. परवा गायनवृंदातील एक तरुण सहज बोलून गेला, "नव्या पद्धतीत बचत दाखवावीच लागत नाही, फादर. मी विम्याचा हप्ता भरायचे थांबवले." त्याच्या या एका वाक्यामागे दीर्घ इतिहास आहे आणि तो आमच्या वाचकांस ठाऊक असावा असे आम्हांस वाटते.

१८५७ च्या उठावानंतर सरकारी खजिन्यावर कर्जाचा मोठा बोजा पडला. तो सावरण्यासाठी जेम्स विल्सन हे अर्थतज्ज्ञ विलायतेहून आले. १८ फेब्रुवारी १८६० रोजी त्यांनी कलकत्त्यास अंदाजपत्रक मांडले आणि त्याच वर्षी हिंदुस्थानात आयकर सुरू झाला. वर्षाला २०० रुपयांपेक्षा कमी उत्पन्न असणाऱ्यास माफी होती. ५०० पर्यंत शेकडा २ आणि त्यावर शेकडा ४ असा दर होता. विल्सनसाहेब त्याच ऑगस्टमध्ये कलकत्त्यासच निवर्तले. कर मात्र राहिला. मद्रासचे गव्हर्नर ट्रेव्हेल्यन यांनी या करास उघड विरोध केला, म्हणून त्यांस परत बोलावण्यात आले. पुढे तेच ट्रेव्हेल्यन अर्थसदस्य होऊन परतले आणि त्यांच्याच कारकिर्दीत, १८६५ साली, हा कर संपुष्टात आला. राज्यकारभारात असे योग क्वचितच जुळतात!

लहान दुकानदारास खरी बोच पैशांची नव्हती. आपली वही परक्या माणसापुढे उघडणे म्हणजे घराची अब्रू चव्हाट्यावर मांडणे, अशी त्याची भावना होती; आणि वही न दाखविल्यास अधिकारी अंदाजाने आकडा ठरवी. दुष्काळानंतर १८७८ साली व्यापार-धंद्यांवर परवाना कर बसला, तेव्हा सुरतेत दुकाने बंद झाली, दंगल उसळली आणि गोळीबार झाला.

कायमचा आयकर आला तो १८८६ च्या कायद्याने. त्यातील दोन तरतुदींकडे आम्ही वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो. पहिली ही की शेतीचे उत्पन्न करातून वगळले गेले. त्यामुळे वसईतील आमच्या वाडीवाल्या पूर्वजांस शेतसारा ठाऊक होता, पण आयकराची ओळख व्हावयास मुले मुंबईच्या कचेऱ्यांत नोकरीस लागावी लागली. दुसरी तरतूद अशी की स्वतःच्या अथवा पत्नीच्या आयुर्विम्यासाठी भरलेली रक्कम, एकंदर उत्पन्नाच्या सहाव्या हिश्श्यापर्यंत, करमुक्त ठरली. महिना १०० रुपये पगाराच्या कारकुनाचे उदाहरण घेऊ. वर्षाच्या १२०० रुपयांवर, रुपयामागे ४ पै दराने, त्याचा कर २५ रुपये होई. त्याने २०० रुपये विम्यात घातले तर त्यातून ४ रुपये २ आणे ८ पै वाचत. रक्कम किरकोळ खरी; परंतु कमावत्या माणसाने आपल्या पश्चात राहणाऱ्यांसाठी काही बाजूस काढावे, ही अपेक्षा कायद्याच्या पुस्तकात शिरली. त्यापूर्वी बऱ्याच विमा कंपन्या हिंदी माणसाकडून युरोपियनापेक्षा अधिक हप्ता घेत. १८७० साली स्थापन झालेल्या बॉम्बे म्युच्युअलने तो भेद मोडला होता, म्हणूनच त्या कारकुनास ही सवलत परवडू शकली.

१९१८ साली आयकराचा नवा कायदा झाला. त्याच वर्षी वसईत मॉन्सिन्योर पी. जे. मोनीस यांनी पतसंस्था उभारली, जी आज बॅसीन कॅथॉलिक को-ऑपरेटिव्ह बँक म्हणून सर्वांस परिचित आहे. या दोन घटनांचा परस्परसंबंध नाही, हे आम्ही जाणतो. तरीही एकीकडे सरकार उत्पन्नाचा हिशोब मागू लागले असता दुसरीकडे एक धर्मगुरू लोकांस बचतीची सवय लावू पाहत होते, याचे आम्हांस कौतुक वाटते. सेमिनरीत आम्हांस तत्त्वज्ञान शिकविले, ईशज्ञान शिकविले. जमाखर्च मात्र कोणी शिकविला नाही.

सहाव्या हिश्श्याची ती सवलत १९२२ च्या कायद्यातही टिकली. १९५६ साली आयुर्विमा महामंडळ आले, १९६८ साली सार्वजनिक भविष्य निर्वाह निधी आला आणि १९६१ च्या कायद्यातील ८० सी हे कलम तर घराघरांत पोहोचले. २०१४ साली त्याची मर्यादा दीड लाख झाली. मग २०२० साली कमी दरांची नवी पद्धत आली. तिच्यात या बचतीची वजावट नाही. २०२३ पासून जो मुद्दाम जुनी पद्धत निवडणार नाही त्यास नवीच लागू होते आणि २०२५ च्या अंदाजपत्रकाने तिच्यात १२ लाखांपर्यंतच्या सर्वसाधारण उत्पन्नावरील कर माफ केला. लहान धंदेवाल्यास उलाढालीच्या शेकडा ८, बँकेमार्फत आलेल्या रकमेवर शेकडा ६, एवढा नफा धरून कर भरण्याची मुभाही काही वर्षांपासून आहे. १८६० साली ज्या अंदाजाचा त्यास धाक होता, तोच अंदाज आता त्याच्या सोयीचा झाला आहे!

नव्या पद्धतीस आम्ही नावे ठेवत नाही. मार्चच्या घाईत, एजंटाच्या भिडेखातर घेतलेल्या आणि दोन हप्त्यांनंतर बंद पडलेल्या पॉलिसी आम्ही पुष्कळ पाहिल्या आहेत. परंतु आम्ही तरुण सहायक धर्मगुरू असतानाची एक घटना आम्हांस विसरता येत नाही. कारखान्यात लेथवर काम करणारे एक गृहस्थ चाळिशीतच वारले. अंत्यविधीनंतर त्यांच्या पत्नीने पत्र्याची पेटी आमच्यापुढे उघडली. तीत विम्याचा कागद निघाला. हिशोबखात्यातील कारकुनाने कर वाचेल म्हणून त्यांस तो घ्यावयास लावला होता; घरी कोणास पत्ताही नव्हता. त्या पैशांवर थोरली मुलगी परिचारिका झाली.

त्या तरुणास आम्ही ही हकीकत सांगितली. तो बराच वेळ गप्प होता. हप्त्याची तारीख उलटून किती दिवस झाले, असे आम्ही विचारले.

"बावीस," तो म्हणाला.

वार्षिक हप्त्यास तीस दिवसांची मुदत असते.