शब्दकोड्यावरचे तीन आरोप

दर महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी धर्मग्रामातील वृद्ध व आजारी माणसांना ख्रिस्तप्रसाद देण्यासाठी मी घरोघर जातो. त्या फेरीतील एक घर वाडीच्या अगदी टोकाला आहे. तेथे ऐंशी वर्षे ओलांडलेल्या एक मावशी राहतात. गुडघ्यांनी साथ सोडली असली तरी त्यांची नजर आणि स्मरणशक्ती शाबूत आहे. माझी चाहूल लागली की त्या हातातले वर्तमानपत्र घाईघाईने उशीखाली सारत. दोन-तीन वेळा हे लक्षात आल्यावर प्रार्थना आटोपून चहा घेताना मी सहज विचारले, "मावशी, मला पाहून पेपर का लपवता?"

त्या संकोचल्या. उशीखालून त्यांनी वर्तमानपत्र काढले. शब्दकोड्याचे पान वर होते, निम्मी घरे पेन्सिलीने भरलेली होती. शेजारी शाळकरी वही होती. वर्तमानपत्रात रोज येणारा सुविचार त्या तीत उतरून ठेवीत. "सुविचाराचं काही नाही हो फादर," त्या म्हणाल्या, "पण हे कोडं सोडवणं पाप तर नाही ना? आमच्या आईनं आयुष्यभर घरात कोडं येऊ दिलं नाही."

त्यामागची हकिगत पुढे येईलच. मात्र प्रश्न ऐकून मी हसलो नाही. ज्या निरुपद्रवी चौकोनापुढे आपल्यापैकी अनेकांची सकाळ सरते, त्याला शतकभरात खरोखरच आरोपीच्या पिंजऱ्यात उभे राहावे लागले आहे, आणि तेही एकदा नव्हे, तीनदा.

अक्षरांचा खेळ तसा फार जुना. हिब्रू स्तोत्रकारांनाही त्याची गोडी होती. ११९ वे स्तोत्र हिब्रू वर्णमालेच्या २२ अक्षरांनुसार २२ कडव्यांत बांधलेले आहे. प्रत्येक कडव्यात आठ ओळी असून त्या आठही ओळी त्या त्या अक्षराने सुरू होतात. विलापगीताचे पहिले चार अध्यायही याच वर्णानुक्रमाने रचलेले आहेत. नगर उद्ध्वस्त झाल्याचा आक्रोश करतानाही कवीने अक्षरांची शिस्त सोडली नाही. पाँपेई हे रोमन शहर इ. स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेले. तेथील उत्खननात पाच लॅटिन शब्दांचा एक चौकोन सापडला आहे. तो डावीकडून, उजवीकडून, वरून आणि खालून, कसाही वाचला तरी तेच पाच शब्द मिळतात.

परंतु आपण ज्याला शब्दकोडे म्हणतो, त्याची जन्मतारीख निश्चित सांगता येते. आर्थर विन हा मूळचा इंग्लंडमधील लिव्हरपूलचा गृहस्थ अमेरिकेत स्थायिक झाला होता आणि 'न्यू यॉर्क वर्ल्ड' या दैनिकाच्या रविवारच्या करमणूक-पुरवणीचे काम पाहत होता. २१ डिसेंबर १९१३ रोजी, नाताळच्या अगोदरच्या रविवारी, त्याने पुरवणीत एक नवे कोडे दिले. त्याचा आकार शंकरपाळ्यासारखा होता. त्यात काळी घरे नव्हती आणि एक शब्द आधीच भरून दिला होता. विनने त्याचे नाव 'वर्ड-क्रॉस' असे ठेवले होते. काही आठवड्यांनी छपाईच्या चुकीने दोन शब्दांची अदलाबदल होऊन ते 'क्रॉस-वर्ड' झाले, आणि ती चूकच जगभर रूढ झाली.

दहा वर्षे हा खेळ मुख्यतः वर्तमानपत्रांपुरता राहिला. १९२४ साली रिचर्ड सायमन आणि मॅक्स शूस्टर या दोन तरुणांनी प्रकाशनसंस्था काढली. त्यांचे पहिलेच पुस्तक शब्दकोड्यांचे होते. प्रत्येक प्रतीला एक पेन्सिल जोडलेली होती. ते पुस्तक हातोहात खपले आणि सारी अमेरिका कोड्यांनी झपाटली.

येथेच पहिला आरोप आला, कालापव्ययाचा. 'न्यू यॉर्क टाइम्स'सारख्या भारदस्त दैनिकाने १९२४ च्या नोव्हेंबरात या वेडाचा समाचार घेतला. ज्या शब्दांचा कोणालाच उपयोग नाही ते शोधण्यात वेळ दवडणे पापासमान आहे, असा त्याचा सूर होता. पुढील सतरा वर्षे त्या पत्राने कोड्याला आपल्या पानांवर जागा दिली नाही. मग डिसेंबर १९४१ मध्ये पर्ल हार्बरवर बाँबवर्षाव झाला आणि अमेरिका महायुद्धात उतरली. वाचकांना युद्धवार्तांतून घटकाभर विसावा हवा, हे संपादकांना पटले. १५ फेब्रुवारी १९४२ च्या रविवारी 'टाइम्स'मध्ये पहिले शब्दकोडे छापले गेले. कोड्यांच्या संपादिका म्हणून मार्गारेट फारर यांना नेमण्यात आले. कोडे सोडविताना माणसाला स्वतःच्या चिंता आठवत नाहीत, असे त्यांचे म्हणणे होते. ज्याला पाप म्हटले होते, तेच संकटाच्या दिवसांत औषध ठरले.

दुसरा आरोप याहून गंभीर होता, देशद्रोहाचा. हा प्रसंग इंग्लंडमधील आहे. तेथे कोड्याने वेगळे वळण घेतले होते. सूचक वाक्याचा सरळ अर्थ एक आणि लपलेला अर्थ दुसरा, अशी गूढ कोडी तेथे लोकप्रिय झाली. ती रचणारे टोपणनावे घेत. 'ऑब्झर्व्हर' साप्ताहिकाच्या एका कोडेकाराने स्वतःला 'तोर्केमादा' म्हणवून घेतले, त्याच्या मागून आलेल्याने 'हिमेनेस' हे नाव निवडले आणि तिसऱ्याने 'देसा' या नावाची अक्षरे उलटी लावून आपले नाव बनविले. हे तिघेही स्पेनमधील धर्मन्यायालयाचे मुख्य अधिकारी होते! वाचकाचा छळ करणारा म्हणून कोडेकाराला आपल्या चर्चच्या इतिहासातील त्या दुःखद पानावरची नावे सुचावीत, हा टोमणा आपण निमूटपणे सोसायला हवा.

१९४४ च्या मे महिन्यात फ्रान्सच्या किनाऱ्यावर उतरण्याची दोस्त राष्ट्रांची तयारी अत्यंत गुप्तपणे चालू होती. तेव्हा लंडनच्या 'डेली टेलिग्राफ'च्या कोड्यांत विलक्षण उत्तरे येऊ लागली. २ मे रोजी 'यूटा', २२ मे रोजी 'ओमाहा', २७ मे रोजी 'ओव्हरलॉर्ड', ३० मे रोजी 'मलबेरी' आणि १ जून रोजी 'नेपच्यून'. पहिली दोन नावे सैन्य उतरणार होते त्या किनाऱ्यांची, तिसरे साऱ्या मोहिमेचे, चौथे तरंगत्या बंदरांचे आणि पाचवे आरमारी कारवाईचे सांकेतिक नाव होते. चढाई ६ जूनला व्हायची होती. गुप्तचर खात्याची माणसे कोडेकाराच्या दारात उभी राहिली. तो होता लेनर्ड डॉ नावाचा एक शाळेचा मुख्याध्यापक. कसून चौकशी झाली, पण काहीच निष्पन्न झाले नाही. पुढे १९८४ साली त्या शाळेच्या एका माजी विद्यार्थ्याने सांगितले की, रिकामे चौकोन शब्दांनी भरायला मुख्याध्यापक मुलांना बसवीत, आणि आपण जवळच्या छावणीतील सैनिकांच्या तोंडून ऐकलेले शब्द त्यांत घातले होते. या हकिगतीवर सर्वांचा विश्वास बसलेला नाही. गंमत अशी की, त्याच दैनिकाने जानेवारी १९४२ मध्ये बारा मिनिटांत कोडे सोडविण्याची स्पर्धा घेतली होती, आणि तीत चमकलेल्यांपैकी काहींना सरकारने शत्रूचे सांकेतिक संदेश उलगडण्याच्या कामावर बोलावून घेतले होते. म्हणजे ज्या खेळावर हेरगिरीचा संशय आला, त्यानेच देशाची सेवाही केली होती.

तिसरा आरोप मात्र आपल्या घरातला आहे, आणि तो खोटा नव्हता.

स्वातंत्र्याच्या आगेमागे आपल्याकडे बक्षिसांच्या शब्दकोड्यांचे पेव फुटले. वरवर पाहता ती कोडीच होती, पण त्यांची रचना निराळी असे. समजा, 'संसारात हे नसेल तर सुख नाही' अशी सूचना आहे, आणि दुसरे अक्षर 'न' दिलेले आहे. आता 'धन' लिहावे की 'मन'? दोन्ही बसतात. योग्य उत्तर कोणते ते चालकांनी आधीच ठरवून मोहोरबंद केलेले असे. येथे ज्ञानाचा काय उपयोग? मग लोक दोन कूपने पाठवीत, एकात 'धन' आणि दुसऱ्यात 'मन'. अशी दहा संदिग्ध घरे असली, तर सर्व शक्यता पुऱ्या करायला १०२४ कूपने लागतात. प्रत्येक कूपनाला प्रवेशशुल्क. बक्षिसाची रक्कम मोठ्या अक्षरांत, आणि ती येणार साऱ्यांच्याच शुल्कातून!

मावशींचे वडील मुंबईत कारकून होते. रोज पहाटेच्या गाडीने जात, रात्री परत येत. मावशी आठ-नऊ वर्षांच्या असताना त्यांना हा नाद लागला. रविवारी मिस्साहून आले की ते टेबलाशी बसत आणि रात्रीपर्यंत कूपने भरीत. घरी कोणी मोठ्याने बोलायचे नाही. प्रथम बचत संपली, नंतर आईच्या पाटल्या सावकाराकडे गेल्या, आणि शेवटी विहिरीजवळचा वाडीचा तुकडा विकला गेला. थोरल्या भावाची शाळा सुटली. "आम्ही मुलं त्यांच्यासाठी पाकिटं चिकटवायचो," मावशी म्हणाल्या. थोडे थांबून पुढे म्हणाल्या, "बाबांनी हजारो कोडी भरली असतील फादर, पण एकही सोडवलं नाही."

अशी घरे थोडीथोडकी नसावीत, कारण सरकारला यात लक्ष घालावे लागले. मुंबई सरकारने १९४८ साली सोडती व बक्षीस-स्पर्धा यांवर नियंत्रण आणि कर बसविणारा कायदा केला. १९५२ च्या दुरुस्तीने राज्याबाहेर छापल्या जाणाऱ्या पत्रांतील स्पर्धाही त्याच्या कक्षेत आल्या. १९५५ साली संसदेने बक्षीस-स्पर्धा कायदा संमत केला. महिन्याकाठी एक हजार रुपयांहून अधिक बक्षिसे नकोत, आणि एका स्पर्धेला दोन हजारांहून अधिक प्रवेशिका नकोत, असा दंडक त्याने घातला. एवढ्या मर्यादेत हा व्यवसाय तग धरणे कठीणच होते.

बंगळूरहून निघणाऱ्या एका साप्ताहिकाचे चालक आर. एम. डी. चमारबागवाला यांनी या कायद्यांना आव्हान दिले. सर्वोच्च न्यायालयाने ९ एप्रिल १९५७ रोजी निर्णय दिला. सरन्यायाधीश सुधी रंजन दास यांनी निकालपत्रात ऋग्वेदातील जुगाराविषयीच्या सूक्ताचा आणि राज्य हरून बसलेल्या पांडवांचा दाखला दिला. जुगार हा घटनेने संरक्षिलेला व्यापार नव्हे, असे न्यायालयाने ठरविले. पण त्याच दिवशी दिलेल्या जोडनिकालात आणखी एक गोष्ट स्पष्ट झाली. ज्या स्पर्धेत यश मुख्यतः कौशल्यावर अवलंबून असते, तिला हा कायदा लागू नाही. म्हणजे न्यायालयाने कोड्याला दोषी ठरविले नाही. कोड्याचा मुखवटा घातलेल्या जुगाराला दोषी ठरविले.

चर्चची शिकवणही याच रेषेवर चालते. संत थॉमस अॅक्विनस यांनी खेळाला मनाची विश्रांती मानले आहे. योहान प्रेषिताची एक जुनी कथा ते सांगतात. शिष्यांबरोबर विरंगुळ्यात रमलेल्या योहानला पाहून एकाला नवल वाटले. योहानने त्याला धनुष्यातून बाण सोडायला सांगितले, आणि हे तू अखंड करीत राहशील का, असे विचारले. "तसे केले तर धनुष्य मोडेल," असे तो म्हणाला. मनाचेही तसेच असते, हे त्याला कळले. मात्र खेळ अशिष्ट नसावा, त्यात मनाचा तोल जाऊ नये, आणि तो व्यक्ती, वेळ व स्थळ यांना साजेसा असावा, असे थॉमस बजावतात. कॅथोलिक धर्मशिक्षण पुस्तकानुसार पैजेचे खेळही स्वभावतः अन्यायकारक नाहीत. माणसाच्या स्वतःच्या आणि इतरांच्या गरजेचे जेव्हा ते हिरावून घेतात, तेव्हा ते अनैतिक ठरतात. मावशींच्या आईच्या पाटल्या हेच तर सांगत होत्या.

मावशींची ती सुविचारांची वही आणि ते कोडे एकाच उशीखाली असणे मला विसंगत वाटले नाही. एलिझाबेथ किंग्जली या अमेरिकन बाईंनी १९३४ साली या दोहोंची सांगड घालणारे कोडे तयार केले होते. त्यात शब्द ओळखत गेले की शेवटी एखाद्या ग्रंथातील उतारा साकार होतो, आणि उत्तरांची आद्याक्षरे जुळविली की लेखकाचे व ग्रंथाचे नाव मिळते. लोकांना चांगल्या साहित्याची गोडी लागावी, हा त्यांचा हेतू होता. तयार मिळालेला सुविचार आपण वाचून विसरतो. अक्षर-अक्षर कष्टाने मिळविलेले वाक्य मात्र मनात मुरते.

आणखी एक आठवण मी मावशींना सांगितली. 'अराउकारिया' या नावाने जॉन ग्रॅहम हे अँग्लिकन धर्मगुरू १९५८ पासून 'गार्डियन' दैनिकासाठी कोडी रचीत. जानेवारी २०१३ मध्ये त्यांच्या एका कोड्याच्या आरंभी एक निवेदन होते. त्यात आपल्याला काय झाले आहे, कोठे झाले आहे आणि त्यावर कोणते उपचार चालू आहेत, ते शब्दांऐवजी घरांच्या क्रमांकांनी लिहिले होते. वाचकांनी चौकोन भरले तेव्हा उत्तरे निघाली: कर्करोग, अन्ननलिका, आणि वेदनाशामक शुश्रूषा. ज्या वाचकांशी अर्धशतकाहून अधिक काळ ते शब्दांनी खेळले, त्यांना त्यांनी आपल्या मरणाची वार्ताही त्याच भाषेत, भयाविना दिली. त्याच वर्षी नोव्हेंबरात, ९२ व्या वर्षी ते वारले.

मावशी बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "म्हणजे बाबांचं चुकलं, कोड्याचं नाही." मी म्हटले, "मावशी, बाबांसाठीही एक प्रार्थना करू या." आम्ही ती केली.

पुढच्या पहिल्या शुक्रवारी वर्तमानपत्र टेबलावर उघडे होते. मराठी कोड्यात एका घरात काना-मात्रेसह अख्खे अक्षर बसते. त्यामुळे इंग्रजीत सहा घरे व्यापणारा 'ख्रिस्त' आपल्याकडे दोन घरांत मावतो, हे मावशींनीच मला दाखविले. उभ्या शब्दांतील तीन अक्षरी एक शब्द त्यांना अडला होता. त्यांनी मला विचारले, मलाही आला नाही. "राहू द्या फादर," त्या म्हणाल्या, "उद्याच्या पेपरात उत्तर येईलच," आणि पेन्सिल बाजूला ठेवून त्यांनी हात जोडले.