एकाच लॅपटॉपवर दोन-तीन कॅमेरे कसे चालवायचे? सप्ताह, ग्रामसभा, शंकरपटाच्या लाइव्हसाठी कॅमेरा निवडताना हे पाहा

नागपूर : गावात भागवत सप्ताह असो, कबड्डीचे सामने असो की शंकरपट, पुण्या-मुंबईला नोकरीवर असलेला पोरगा आधी एकच गोष्ट म्हणतो, "लिंक पाठवा." त्यामुळे काटोल-नरखेडपासून उमरेड-भिवापूरपर्यंत मंडळांची पोरं आता लॅपटॉप, दोन-तीन कॅमेरे आणि एक डोंगल घेऊन मंडपात बसलेली दिसतात.

अडचण एकाच ठिकाणी येते. दोन कॅमेरे चालू असतात, तिसरा लावला की आधीचा काळा पडतो. किंवा चित्र थांबून-थांबून चालतं, आवाज पुढे आणि ओठ मागे. काल्याचं कीर्तन पुन्हा होत नाही आणि पटात धावून गेलेली जोडी चित्रीकरणासाठी परत धावत नाही. म्हणून खरेदीच्या आधीच खालची माहिती वाचून ठेवलेली बरी.

तिसरा कॅमेरा लावला की पहिला का बंद पडतो?

लोकांना वाटतं लॅपटॉप जुना आहे. बरेचदा कारण वेगळं असतं. लॅपटॉपला यूएसबीची तीन-चार भोकं दिसतात, पण आतून ती बहुधा एकाच कंट्रोलरला जोडलेली असतात. विहीर एक आणि मोटारी तीन, तसा हा प्रकार.

यूएसबी २.० ची एकूण क्षमता सेकंदाला ४८० मेगाबिट. कॅमेऱ्याने चित्र न दाबता, म्हणजे कच्चं (वायूवाय२ फॉरमॅट) पाठवलं, तर ३० फ्रेमला साधारण इतकी जागा लागते :

- ६४० × ४८० : सुमारे १४७ मेगाबिट
- ७२०पी : सुमारे ४४२ मेगाबिट
- १०८०पी : सुमारे ९९५ मेगाबिट

म्हणजे कच्च्या ७२०पीचा एकच कॅमेरा सगळी वाट अडवतो. हाच कॅमेरा एमजेपेग फॉरमॅटमध्ये चित्र दाबून पाठवत असेल तर जागा बरीच कमी लागते आणि दोन कॅमेरे आरामात बसतात. तिसऱ्याची मात्र खात्री नाही, कारण काही कॅमेरे गरजेपेक्षा जास्त जागा आधीच राखून ठेवतात.

यूएसबी हब लावून हा प्रश्न सुटत नाही. हबमुळे भोकं वाढतात, वाट तेवढीच राहते. निळ्या रंगाच्या यूएसबी ३.० हबमध्ये २.० चा कॅमेरा लावला तरी तो २.० च्याच वाटेने जातो. विंडोजमध्ये 'डिव्हाइस मॅनेजर' उघडून 'व्ह्यू'मध्ये 'डिव्हाइसेस बाय कनेक्शन' निवडलं की कोणता कॅमेरा कोणत्या कंट्रोलरवर आहे ते दिसतं. डेस्कटॉप असेल तर वेगळं यूएसबी कार्ड बसवून दुसरा कंट्रोलर वाढवता येतो. लॅपटॉपमध्ये ही सोय सहसा नसते.

कॅमेऱ्याचे चार पर्याय

*१. वेबकॅम.* सगळ्यात सोपा. घेताना डब्यावर 'एमजेपेग' किंवा 'एच.२६४' लिहिलंय का ते पाहा. 'फुल एचडी' एवढंच लिहिलेलं पुरेसं नाही. वायर लांब नेता येत नाही, यूएसबी २.० ला ५ मीटरपर्यंतच भरवसा. मंडपात स्टेजपासून लॅपटॉप जवळ असेल तरच उपयोगी. एकाच मॉडेलचे दोन वेबकॅम घेतले तर कॉम्प्युटरवर दोघांचं नाव सारखंच दिसतं आणि वायर काढून लावली की अदलाबदल होऊ शकते. भोकांवर १, २ अशी चिकटपट्टी लावून ठेवा.

*२. हँडीकॅम किंवा डीएसएलआर, सोबत कॅप्चर कार्ड.* गावच्या लग्नाच्या व्हिडिओवाल्याकडे कॅमेरा असतोच. झूम आणि अंधारातलं चित्र वेबकॅमपेक्षा कितीतरी चांगलं येतं. दोन गोष्टी तपासा. कॅमेऱ्यातून 'क्लीन एचडीएमआय' निघते का, नाहीतर बॅटरीचं चिन्ह आणि आकडे लाइव्हमध्ये दिसतात. आणि अर्ध्या तासाने कॅमेरा आपोआप बंद होतो का. स्वस्त कॅप्चर कार्डं यूएसबी २.० वरच चालतात, त्यामुळे तीन कार्डं लावली की वर सांगितलेलीच अडचण पुन्हा येते.

*३. एचडीएमआय स्विचर.* तीन-चार कॅमेरे थेट स्विचरला जोडायचे आणि स्विचरमधून एकच वायर लॅपटॉपला. ब्लॅकमॅजिकचा एटेम मिनी हा त्यातला माहितीचा. त्याला चार एचडीएमआय इनपुट आहेत आणि लॅपटॉपला तो एका वेबकॅमसारखा दिसतो. यूएसबीची गर्दी होत नाही, बटण दाबलं की कॅमेरा बदलतो. मात्र लॅपटॉपवर फक्त निवडलेलं चित्र येतं. चारही कॅमेऱ्यांचं वेगळं रेकॉर्डिंग हवं असेल तर त्याचं 'आयएसओ' मॉडेल लागतं किंवा प्रत्येक कॅमेऱ्यात कार्ड टाकून तिथेही रेकॉर्ड चालू ठेवावं लागतं. वर्षात पाच-सहा कार्यक्रम करणाऱ्या मंडळाला हा खर्च परवडतो. एका कार्यक्रमासाठी भाड्याने आणलेलं बरं.

*४. मोबाइल आणि आयपी कॅमेरा.* घरातला जुना अँड्रॉइड मोबाइल ड्रॉइडकॅम किंवा आयरियन अशा अ‍ॅपने कॅमेरा होतो. त्यासाठी इंटरनेट लागत नाही, मंडपात एक राउटर लावून मोबाइल आणि लॅपटॉप त्याच वायफायवर घेतले की झालं. लॅपटॉप मात्र शक्यतो लॅन वायरने राउटरला जोडा. मोबाइल 'एरोप्लेन मोड'वर टाकून फक्त वायफाय चालू ठेवा, नाहीतर ऐन आरतीत फोन येतो. सीसीटीव्हीचा आयपी कॅमेरा लॅन वायरवर १०० मीटरपर्यंत चालतो आणि चित्र दाबूनच पाठवतो, सेकंदाला ३-४ मेगाबिटमध्ये काम होतं. त्याचं चित्र सेकंद-दोन सेकंद उशिरा येतं, हे ध्यानात ठेवा.

कुठे कोणता कॅमेरा?

*सप्ताह, कीर्तन.* दोन कॅमेरे पुरे. एक महाराजांवर, दुसरा टाळकरी आणि श्रोत्यांवर. महाराजांच्या कॅमेऱ्यावर पैसे खर्च करा, दुसरा मोबाइल चालतो. महिला मंडळींकडे कॅमेरा वळवण्याआधी सांगून ठेवावं.

*ग्रामसभा.* एक कॅमेरा अध्यक्षांच्या टेबलावर, दुसरा उंचावर ठेवून पूर्ण सभा दिसेल असा. ग्रामसभेचा कोरम एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यापैकी जी संख्या कमी असेल तो. ठरावावर हात वर झाले की ते मोजता येतील इतकं चित्र स्पष्ट हवं. इथे झूमपेक्षा रुंद लेन्स आणि १०८०पी कामाला येते. रेकॉर्डिंग कितीही चांगलं असलं तरी हजेरीच्या सह्या आणि प्रोसिडिंग बुकातली नोंद त्याने भरून निघत नाही.

*शंकरपट.* इथे निवड सगळ्यात अवघड. सुप्रीम कोर्टाने ७ मे २०१४ रोजी बैलांच्या शर्यतींवर बंदी आणली होती. १६ डिसेंबर २०२१ ला महाराष्ट्रात अटींसह परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने राज्याचा कायदा कायम ठेवला. म्हणजे पट आता अटींवरच भरतो. परवानगीच्या आदेशात चित्रीकरणाबद्दल काय लिहिलंय ते आयोजकांनी शब्द न शब्द वाचावं आणि कॅमेरे त्याप्रमाणे लावावेत. बैलाला टोचणं, मारणं झालं की नाही, हे पुढे याच चित्रावरून दाखवावं लागू शकतं.

सुटण्याची जागा आणि शेवटची रेषा यात शेकडो मीटरचं अंतर. यूएसबी, एचडीएमआय दोन्ही तिथे पोहोचत नाहीत. सुटण्याच्या टोकाला आयपी कॅमेरा, मध्ये दर १०० मीटरच्या आत स्विच टाकून लॅन वायर, आणि लॅपटॉप शेवटच्या रेषेजवळ, ही मांडणी सोपी जाते. स्विचला जागेवर वीज लागते, तिची सोय आधी बघा.

निकालासाठी मात्र आयपी कॅमेऱ्यावर विसंबू नका. जोडी ताशी ४० किलोमीटरने धावते असं धरलं तर २५ फ्रेमच्या कॅमेऱ्यात एका फ्रेमपासून दुसऱ्या फ्रेमपर्यंत ती ४४ सेंटिमीटर पुढे गेलेली असते. ६० फ्रेमला हेच अंतर १८-१९ सेंटिमीटर होतं. रेषेवर ६० फ्रेमचा कॅमेरा, अगदी रेषेच्या सरळ आडवा, स्टँडवर घट्ट बसवून लावा. उन्हात शटर १/५०० किंवा त्याहून वेगात ठेवा, म्हणजे चित्र फाटत नाही. त्याचं रेकॉर्डिंग त्याच्याच मेमरी कार्डवर वेगळं होऊ द्या. वाद झाला तर तेच पाहायचं, लाइव्हचं नाही.

ओबीएसमध्ये काय करायचं?

ओबीएस स्टुडिओ हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं आणि बहुतेक कामाला पुरतं.

- 'व्हिडिओ कॅप्चर डिव्हाइस'मध्ये रिझोल्यूशन 'कस्टम' करा, फॉरमॅट एमजेपेग निवडा. मुख्य कॅमेरा १०८०पी, बाकीचे ७२०पी ठेवले तरी पाहणाऱ्याला फरक फारसा कळत नाही.
- एकच कॅमेरा दोन सीनमध्ये हवा असेल तर नवीन सोर्स करू नका, 'अ‍ॅड एक्झिस्टिंग' निवडा. नाहीतर कॅमेरा 'बिझी' दाखवतो.
- झूम, गूगल मीट, कॅमेरा अ‍ॅप बंद ठेवा. विंडोजमध्ये एक कॅमेरा सहसा एकाच प्रोग्रामला मिळतो.
- आउटपुटमध्ये हार्डवेअर एन्कोडर (क्विक सिंक किंवा एनव्हीएन्क) असेल तर तोच निवडा, प्रोसेसरवरचा भार कमी होतो.
- आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची. ट्यूबलाइट-एलईडीखाली चित्र लपलपत असेल तर कॅमेऱ्यात 'अँटी-फ्लिकर' ५० हर्ट्झ करा, शटर १/५० किंवा १/१०० ठेवा.
- रेकॉर्डिंग एमकेव्हीमध्ये करा. मध्येच लाइट गेली तरी तिथपर्यंतची फाइल वाचते. नंतर 'रिमक्स'मधून एमपी४ करून घ्या.

आवाज एकाच ठिकाणाहून

चित्र थोडं खराब असलं तरी लोक पाहतात, आवाज खराब असला की बंद करतात. सगळ्या कॅमेऱ्यांचे माइक म्यूट करा. साउंडवाल्याच्या मिक्सरमधून 'रेक आउट' किंवा 'ऑक्स'ची वायर घ्या आणि यूएसबी साउंड कार्डमधून लॅपटॉपला द्या. लॅपटॉपच्या माइकच्या भोकात थेट घातली तर आवाज फाटतो. मग सगळ्या कॅमेऱ्यांसमोर एक टाळी वाजवा. ज्या कॅमेऱ्यात टाळी उशिरा दिसते तेवढा आवाज 'सिंक ऑफसेट'ने मागे घ्या आणि लवकर येणाऱ्या कॅमेऱ्याला 'व्हिडिओ डिले' फिल्टर लावा.

डेटा आणि जागा किती लागते?

७२०पी लाइव्ह सेकंदाला ४ मेगाबिटने सोडलं तर तासाला १.८ जीबी डेटा जातो. तीन तासांच्या कीर्तनाला ५.४ जीबी. दिवसाला दीड-दोन जीबीचा पॅक तासाभरातच संपेल, त्याचा बंदोबस्त आधी करा. नेट गेलं तरी लॅपटॉपवरचं रेकॉर्डिंग चालू राहतं, म्हणून दोन्ही बटणं दाबायची, 'स्ट्रीमिंग'ही आणि 'रेकॉर्डिंग'ही. ६ मेगाबिटने रेकॉर्ड केलं तर तासाला २.७ जीबी, म्हणजे सात दिवस रोज तीन तास धरून साधारण ५७ जीबी.

यूट्यूबवर पहिल्यांदाच लाइव्ह सुरू करताना परवानगीला २४ तासांपर्यंत वेळ लागू शकतो. मोबाइल अ‍ॅपवरून लाइव्हसाठी ५० सबस्क्रायबर लागतात, ओबीएसवरून जाताना ही अट नाही.

आदल्या दिवशीची यादी

- सगळे कॅमेरे एकत्र लावून किमान एक तास सलग चालवून पाहिले का? पाच मिनिटांच्या चाचणीत गरम होणं कळत नाही.
- लॅपटॉप सावलीत, खाली हवा जाईल असा ठेवला का? मे महिन्यात नागपूरच्या पंचेचाळीस डिग्रीत टिनाच्या मंडपाखाली लॅपटॉप आपोआप मंद होतो.
- लॅपटॉपसोबत राउटर आणि कॅमेऱ्यांनाही इन्व्हर्टरची लाइन आहे का?
- वायरींवर पट्टी मारली का? लोकांच्या पायात वायर आली की कॅमेरा आणि माणूस दोन्ही पडतात.
- एक कॅमेरा बंद पडला तर पुढे कोणता दाखवायचा, हे लॅपटॉपवर बसणाऱ्याला माहीत आहे का?

बजेट कमी असेल तर तीन हलक्या कॅमेऱ्यांपेक्षा एक चांगला कॅमेरा, एक मोबाइल आणि मिक्सरमधून घेतलेला स्वच्छ आवाज, एवढ्यावर पहिला कार्यक्रम करा. तिसरा कॅमेरा पुढच्या वर्षी वाढवता येतो.