जोडीने गाणारे भाऊ

"मोठा कोण?" हा प्रश्न आम्ही दोघांनी जन्मभर ऐकला. मोठा मी, अकरा मिनिटांनी! डिलाईल रोडच्या बीडीडी चाळीत, १६० चौरस फुटांच्या खोलीत आम्ही जुळे वाढलो. त्याच्या हातात बँजो, माझ्या गळ्यात ढोलकी. गणपतीत आमची पार्टी वाजायला लागली की चाळीतले म्हणायचे, ही जोडी नाव काढणार.

कॅसेटचा जमाना होता तो. ऐंशीच्या दशकात कॅसेटी स्वस्त झाल्या आणि टू-इन-वन चाळीत पोचला. त्यातून आनंद आणि मिलिंद शिंदे घुमायचे. 'नवीन पोपट हा' तर भिंतींनाही पाठ झालं असेल. आम्हाला वाटायचं, हेही आपल्यासारखे जुळेच! सख्खे भाऊ तर ते होतेच. वडील प्रल्हाद शिंदे मूळचे मंगळवेढ्याकडचे. विठ्ठलाची आणि बाबासाहेबांची, दोन्ही गाणी त्यांनी घराघरात नेली. म्हणजे मुलांच्या पाठीशी बापाचा गळा होता.

पुढे आले अजय-अतुल गोगावले. ते जुळे नव्हेत, अतुल दोन वर्षांनी मोठा. वडील महसूल खात्यात, सारख्या बदल्या, घरात गाण्याची परंपरा नाही. तरी २००९ च्या 'जोगवा'ला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, आणि २०१६ च्या 'सैराट'साठी थेट लॉस एंजेलिसमध्ये सिंफनी ऑर्केस्ट्रा वाजला.

गंमत म्हणजे या दोन घरांची गाठही पडली. 'जत्रा'तलं 'कोंबडी पळाली' अजय-अतुलचं, आणि ते गायलं आनंद शिंदेंनी वैशाली सामंतबरोबर. हीच चाल २०१२ च्या 'अग्निपथ'मध्ये 'चिकनी चमेली' होऊन देशभर नाचली.

मला नवल वाटतं ते दुसऱ्याच गोष्टीचं. एका घरातली दोन्ही मुलं एकाच धंद्यात, तेही गाण्याच्या! चाललं तर दोघांचं, बुडालं तर दोघांचं. असली हिंमत घरच्यांनी करायची कशी?

आमच्याकडे ती होणं शक्य नव्हतं. वडील आणि काका एकाच गिरणीत. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, अडीच लाख कामगार बाहेर पडले, आणि आमच्या घरातले दोन्ही पगार एकाच दिवशी थांबले. आईने त्यातून एक धडा घेतला : दोघांनी एका फांदीवर बसायचं नाही. म्हणून मोठा या नात्याने मी बँकेत शिपाई म्हणून लागलो. अकरा मिनिटांचं मोठेपण ते! धाकटा वाजवत राहिला, पण जोडी मोडली ती मोडलीच. आईचं चुकलं असं मला आजही म्हणवत नाही. त्या पगारावर घर चाललं.

गेल्या गणपतीत चाळीची जुनी मंडळी जमली होती. धाकट्याने बँजोवर 'झिंगाट' धरलं. कुणीतरी माझ्या गळ्यात ढोलकी अडकवली. हात दोनदा चुकला. त्याने वळूनही पाहिलं नाही, नुसती लय जराशी सैल करून मला आत घेतलं.

असो.