भूजलातील धातुप्रदूषण आणि भूजलप्राणी

भूजलप्राणी म्हणजे जमिनीखालील जलधरांत, खडकांच्या भेगांत, वाळू-खडीच्या थरांतील पोकळ्यांत आणि गुहांमधील पाण्यात कायम राहणारे प्राणी होत. त्यांना स्टायगोफॉना असेही म्हणतात. तांबे, जस्त, कॅडमियम, क्रोमियम, शिसे यांसारखे धातू आणि आर्सेनिक हा धातुसदृश पदार्थ भूजलात मिसळल्यास या प्राण्यांना अपाय होतो. माणसाला पिण्यास योग्य ठरणारे पाणीही त्यांच्यासाठी सुरक्षित असेलच असे नाही.

प्राणी आणि त्यांची वैशिष्ट्ये

भूजलप्राण्यांत कवचधारी प्राण्यांची संख्या मोठी असते. कोपेपॉड, ॲम्फिपॉड, आयसोपॉड, ऑस्ट्रॅकॉड आणि बॅथिनेलिड हे त्यांतील प्रमुख गट आहेत. यांशिवाय कृमी, जलकोळी आणि गोगलगायीही आढळतात. यांपैकी अनेक प्राण्यांची लांबी केवळ एक-दोन मिलिमीटर असते. भारतात कृष्णा व गोदावरी खोऱ्यांतील भूजलातून कोपेपॉड व बॅथिनेलिडांच्या अनेक जातींची नोंद झाली आहे. केरळमधील विहिरींत होराग्लॅनिस हा अंध मासा सापडतो.

अंधारात वनस्पती वाढत नसल्यामुळे भूजलात अन्न अत्यल्प असते. या परिस्थितीशी जुळवून घेतलेल्या प्राण्यांना बहुधा डोळे व रंगद्रव्य नसते. त्यांचा चयापचय मंद, आयुष्य तुलनेने दीर्घ आणि प्रजननाचा वेग कमी असतो. बॅथिनेलिड मादी एका वेळी एकच अंडे घालते. अनेक जातींचा आढळ एखाद्या जलधरापुरताच मर्यादित असतो.

धातूंचे स्रोत

काही धातू खडकांतून नैसर्गिकरीत्या पाण्यात उतरतात. गंगेच्या त्रिभुज प्रदेशातील आर्सेनिक हे याचे परिचित उदाहरण आहे. तेथे प्राणवायूविरहित गाळात लोहाची ऑक्साइडे विरघळतात आणि त्यांना चिकटलेले आर्सेनिक मोकळे होते. मानवनिर्मित स्रोतांत खाणींतील आम्लयुक्त पाणी, धातुमुलामा व चर्मोद्योगाचे सांडपाणी, कचराभूमीतून झिरपणारे पाणी आणि शेतीतील तांबेयुक्त बुरशीनाशके यांचा समावेश होतो.

अपायाची प्रक्रिया

विरघळलेल्या धातूंचे आयन मुख्यतः कल्ले व शरीराच्या पृष्ठभागातून आत शिरतात. तांब्यामुळे शरीरातील सोडियमचे संतुलन राखणाऱ्या विकराचे कार्य मंदावते. कॅडमियमचा आयन कॅल्शियमच्या मार्गाने पेशींत प्रवेश करतो. शरीरात साठलेला धातू बांधून ठेवण्यासाठी काही प्राणी विशिष्ट प्रथिने तयार करतात. परंतु त्यासाठी ऊर्जा खर्ची पडते आणि अन्नटंचाईच्या अधिवासात हा भार जड ठरू शकतो.

धातूची विषारता पाण्याच्या गुणधर्मांवरही अवलंबून असते. कठीण पाण्यातील कॅल्शियम व मॅग्नेशियम अनेक धातूंचा प्रभाव कमी करतात. विरघळलेले सेंद्रिय पदार्थही धातूंना बांधून ठेवतात. मात्र भूजलात त्यांचे प्रमाण सहसा कमी असल्याने हे संरक्षण अपुरे पडते. धातूंमुळे खडकांवरील जिवाणूंचा थर बदलल्यास त्यावर जगणाऱ्या प्राण्यांचे अन्नही घटते.

विषारता चाचण्यांच्या मर्यादा

जलचरांवरील तीव्र विषारता चाचण्या सामान्यतः दोन ते चार दिवसांच्या असतात. भूजलप्राण्यांचा चयापचय मंद असल्याने त्यांच्यावरील परिणाम उशिरा दिसू शकतो. त्यामुळे लघुकालीन चाचणीत सहनशील भासणारा प्राणी काही आठवड्यांच्या संपर्कानंतर त्याहून कमी प्रमाणातही मरू शकतो. फ्रान्समध्ये निफार्गस या ॲम्फिपॉडवर आर्सेनिक व क्रोमियमचे, तर ऑस्ट्रेलियात भूजलातील कोपेपॉडांवर आर्सेनिक, क्रोमियम व जस्ताचे प्रयोग झाले आहेत. भूजलप्राणी पृष्ठभागावरील नातलगांपेक्षा नेहमीच अधिक संवेदनशील असतात, असे सरसकट विधान करता येत नाही. जात, धातू आणि संपर्काचा कालावधी यांनुसार निष्कर्ष बदलतो. हे प्राणी प्रयोगशाळेत वाढवणे कठीण असल्याने चाचण्यांची संख्याही कमी आहे.

मानके आणि संरक्षण

पिण्याच्या पाण्याची मानके मानवी आरोग्य व चव यांचा विचार करून ठरवलेली असतात. जागतिक आरोग्य संघटनेने पिण्याच्या पाण्यातील तांब्यासाठी २ मिलिग्रॅम प्रति लिटर हे मूल्य सुचवले आहे. ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंडच्या २००० सालच्या मार्गदर्शक तत्त्वांत गोड्या पाण्यातील ९५ टक्के जातींच्या रक्षणासाठी हेच मूल्य ०.००१४ मिलिग्रॅम, म्हणजे सुमारे १,४०० पट कमी आहे. भारतीय मानक आयएस १०५०० (२०१२) नुसार पिण्याच्या पाण्यात जस्ताची स्वीकारार्ह मर्यादा ५ मिलिग्रॅम प्रति लिटर आहे; वरील तत्त्वांत जस्ताचे मूल्य ०.००८ मिलिग्रॅम आहे. ही जलचर-मूल्ये मृदू पाण्यासाठी असून ती प्रामुख्याने पृष्ठभागावरील जीवांच्या चाचण्यांवर आधारलेली आहेत.

युरोपीय संघाच्या २००६ सालच्या भूजल निर्देशात आर्सेनिक, कॅडमियम, शिसे व पारा यांच्या मर्यादा ठरवताना विचार करण्याची तरतूद आहे. भूजल परिसंस्थांच्या रक्षणासाठी अधिक संशोधनाची गरजही त्यात नमूद केली आहे. पश्चिम ऑस्ट्रेलियात खाण प्रकल्पांच्या पर्यावरणीय मूल्यांकनात भूजलप्राण्यांचा विचार केला जातो.

परिसंस्थेतील महत्त्व

भूजलप्राणी जिवाणूंचे थर खातात आणि गाळात हालचाल करून पाण्याला वाट मोकळी ठेवण्यास हातभार लावतात. प्रदूषित नदीत वरच्या प्रवाहातून किंवा हवेतून नवे जीव लवकर पोहोचू शकतात. जलधरात ती शक्यता अत्यल्प असते. गाळाला चिकटलेले धातू दीर्घकाळ पुन्हा पाण्यात मिसळत राहतात. त्यामुळे मर्यादित आढळ असलेली जात एकाच जलधराच्या प्रदूषणाने कायमची नष्ट होऊ शकते.