चित्राखालची ओळ कोणी लिहायची?



आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी एक जुनी पत्र्याची पेटी असते. तीत जमिनीचे कागद, निकाहनामा, जीर्ण झालेली रेशनकार्डे आणि शाळा सोडल्याचे दाखले असतात, आणि सर्वांच्या तळाशी कडा वाकलेले चार-दोन फोटो असतात. कागदपत्रांची गरज कोर्टकचेरीत पडते म्हणून आपण ती जपतो. फोटो मात्र केवळ टाकवत नाहीत म्हणून राहतात. या फोटोंचे इतिहासाच्या दृष्टीने मोल काय, आणि आज जगभर जे डिजिटल संग्रह उभे राहत आहेत त्यांत आपली जागा कोणती, याचा थोडा विचार या लेखात करावयाचा आहे.

सर सय्यद आणि दोन पुस्तके

सर सय्यद अहमद खान यांना आपण अलिगढच्या कॉलेजचे संस्थापक म्हणून ओळखतो. त्याआधी ते दिल्लीत मुन्सिफ होते आणि जुन्या इमारतींचा त्यांना विलक्षण नाद होता. दिल्लीतील मशिदी, मकबरे, विहिरी आणि दरवाजे हिंडून त्यांनी शिलालेखांच्या नकला केल्या, चित्रकारांकडून इमारतींची चित्रे काढून घेतली आणि १८४७ साली ‘आसार-उस-सनादीद’ हा उर्दू ग्रंथ प्रसिद्ध केला. कुतुबमिनारावरचे उंचावरील लेख खालून वाचता येईनात, तेव्हा दोन वाशांच्या मध्ये शिंकाळे बांधून ते त्यात बसले आणि तसे लोंबकळत त्यांनी अक्षरे उतरवून घेतली. खाली उभे असलेले त्यांचे स्नेही मौलाना इमामबख्श सहबाई यांचा जीव भीतीने खालीवर होत असे, असे हाली यांनी सर सय्यद यांच्या चरित्रात नमूद केले आहे.

दहा वर्षांनी १८५७ चा उठाव झाला. सहबाई त्यात मारले गेले. इंग्रजांनी दिल्ली परत घेतल्यावर लाल किल्ल्याच्या आतील बहुसंख्य इमारती पाडल्या आणि किल्ला व जामा मशीद यांच्यामधील वस्ती साफ केली. शाहजहानच्या काळातील अकबराबादी मशीदही जमीनदोस्त झाली. आज त्या मशिदीचा शोध घेणाऱ्याला सर सय्यद यांच्या ग्रंथाकडे वळावे लागते. पुस्तक लिहिले गेले तेव्हा या इमारती पडणार आहेत हे कोणाच्या स्वप्नातही नव्हते. नोंद करण्याची वेळ वस्तू डोळ्यांसमोर असते तीच असते, हा या प्रसंगाचा पहिला धडा.

दुसरा प्रसंग लंडनचा आहे. १८६९ साली सर सय्यद आपले पुत्र हमीद आणि महमूद यांना घेऊन इंग्लंडला गेले. तेथे इंडिया ऑफिसात त्यांनी ‘द पीपल ऑफ इंडिया’ हा ग्रंथ पाहिला. वॉटसन आणि के यांनी संपादित केलेला हा ग्रंथ १८६८ ते १८७५ या काळात आठ खंडांत निघाला आणि त्यात ४६८ छायाचित्रे होती. हिंदुस्थानातील जातीजमाती चित्रांतून दाखवाव्या आणि प्रत्येकीचा स्वभाव चार ओळींत सांगावा, अशी त्याची मांडणी. कोणती जमात राजनिष्ठ, कोणती दंगेखोर, कोणती कपटी, असे शेरे त्यात बिनदिक्कत मारलेले आहेत. उठाव नुकताच होऊन गेला होता, आणि राज्यकर्त्यांना प्रजा ओळखायची होती ती तिच्यावर नजर ठेवण्यासाठी.

महमूद ते पुस्तक चाळीत असता एक तरुण इंग्रज जवळ आला आणि थोड्या वेळाने त्याने विचारले, आपण हिंदुस्थानी आहात काय? महमूदने होय म्हटले, पण तो शरमेने लाल झाला आणि घाईघाईने सांगू लागला की आपण येथल्या आदिवासींपैकी नव्हे, आपले पूर्वज परदेशातून आलेले होते. ही हकीकत सर सय्यद यांनी स्वतः मायदेशी लिहून पाठविली. हिंदुस्थानात नोकरीवर येणारे तरुण साहेब आधी हे पुस्तक पाहतात, मग त्यांच्या मनात आपल्याविषयी कोणता आदर राहणार, अशी त्यांची व्यथा होती. हाच महमूद पुढे अलाहाबाद हायकोर्टाचा न्यायाधीश झाला.

मित्रांनो, महमूदची शरम आपण समजू शकतो. त्याचे उत्तर मात्र आज आपल्याला खटकले पाहिजे. चित्राखाली दुसऱ्याने लिहिलेली ओळ त्याने खोडून काढली नाही, ती आपल्या शेजाऱ्याच्या माथी मारून स्वतःची सुटका करून घेतली. आपली ओळ आपण लिहिलेली नसली म्हणजे असा प्रसंग ओढवतो. एका पुस्तकात सर सय्यद स्वतः पाहणारे आणि लिहिणारे होते. दुसऱ्या पुस्तकात त्यांचे देशबांधव केवळ पाहिले जाणारे होते. या दोन पुस्तकांतील अंतर हाच या लेखाचा विषय आहे.

फोटोही घडविला जातो

फोटो खोटे बोलत नाही, असे आपण समजतो. मुंबईचेच उदाहरण घेऊ. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी १८५४ साली स्थापन झाली, म्हणजे ही कला आपल्याकडे फार लवकर आली. विल्यम जॉन्सन या छायाचित्रकाराने मुंबईत राहणाऱ्या आणि मुंबईस येणाऱ्या नाना जमातींचे फोटो दोन खंडांत, १८६३ आणि १८६६ साली, प्रसिद्ध केले. पगड्या, अंगरखे, दागिने, बसण्याची ढब असे पुष्कळ काही त्यांत पाहण्यासारखे आहे. पण त्यातील कित्येक चित्रांत माणसे एका ठिकाणी टिपलेली आणि मागचा देखावा दुसऱ्या ठिकाणचा, असे जोडकाम आहे. माणसे खरी, देखावाही खरा, परंतु ती माणसे त्या देखाव्यापुढे कधी उभी राहिली असतीलच असे नाही.

हे दोन्ही ग्रंथ आता घरबसल्या पाहता येतात. ‘द पीपल ऑफ इंडिया’ न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीच्या डिजिटल संग्रहात आहे, तर जॉन्सनचे खंड अमेरिकेतील सदर्न मेथॉडिस्ट युनिव्हर्सिटीच्या ग्रंथालयाने इंटरनेटवर ठेवले आहेत. जी पुस्तके पाहण्यासाठी एके काळी लंडनच्या कचेरीत जावे लागे, ती आज नववीतला विद्यार्थी मोबाईलवर पाहू शकतो. ही फार मोठी सोय झाली. पण चित्राखाली जमातीचे नाव असते, माणसाचे सहसा नसते. हा कोणाचा पणजोबा, याची बायको कोण, याने मुलांना काय शिकविले, हे सांगणारे आता कोणी उरले नाही. यंत्राने चेहरा दीडशे वर्षे टिकविला, नाव टिकविणे यंत्राला साधत नाही. ते माणसांनाच करावे लागते.

फातिमा शेख यांचे एक नाव

आपल्या महाराष्ट्रातील मुलींच्या शिक्षणाच्या इतिहासात फातिमा शेख हे नाव आदराने घेतले जाते. जोतिराव आणि सावित्रीबाई फुले यांना घर सोडावे लागले तेव्हा पुण्यात उस्मान शेख यांनी त्यांना आसरा दिला आणि फातिमाबींनी सावित्रीबाईंबरोबर अध्यापनाचे काम केले, असे सांगितले जाते. सावित्रीबाईंच्या एका जुन्या समूहछायाचित्रात शेजारी असलेल्या स्त्रीला फातिमा शेख म्हणून ओळखतात.

जानेवारी २०२५ मध्ये एका लेखकाने, ही व्यक्ती आपणच कल्पनेने निर्माण केली, असे जाहीर केले आणि मोठा वाद उसळला. तेव्हा अभ्यासकांनी काय दाखविले? सावित्रीबाईंनी १० ऑक्टोबर १८५६ रोजी माहेराहून, नायगावाहून, जोतिरावांना लिहिलेले पत्र. त्या आजारी होत्या, शाळेचे काम मागे राहिले होते, आणि फातिमाला त्रास पडत असेल पण ती कुरकुर करणार नाही, अशा अर्थाचा मजकूर त्यात आहे. एक ओळ, एक नाव. ज्या बाईंनी इतरांच्या मुलींना अक्षरे शिकविली, त्यांच्या स्वतःच्या हातचे एक अक्षरही आज आपल्यापुढे नाही. मैत्रिणीने पत्रात नाव घातले म्हणून पावणेदोनशे वर्षांनी त्यांच्या बाजूने उभे राहता आले. ते पत्र हरवले असते तर काय झाले असते, याचा पालकांनी आणि विशेषतः मुलींनी विचार करावा.

आपली गोष्ट आपण सांगणारे

लोकांनी स्वतःच्या फोटोखाली स्वतः ओळ लिहिल्याची उदाहरणेही आहेत. इंडियन मेमरी प्रोजेक्ट हा संग्रह २०१० साली इंटरनेटवर सुरू झाला. त्यात कुटुंबे आपला जुना फोटो देतात आणि त्याबरोबर त्या फोटोतील माणसांची हकीकत लिहितात. राजेरजवाडे नव्हेत, तर कारकून, परिचारिका, व्यापारी, फाळणीत घरदार सुटलेली माणसे. नुसत्या फोटोवरून आपण पान उलटतो. हकीकत वाचली की तोच फोटो आपल्याला थांबवून धरतो.

दुसरे उदाहरण समुद्रापलीकडचे, तरी आपल्या नात्यातले आहे. कोकणातील मुसलमान कुटुंबे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून दक्षिण आफ्रिकेत केपटाऊनला जाऊन वसली आणि आजही तेथे कोकणी म्हणून ओळखली जातात. त्याच शहरात डिस्ट्रिक्ट सिक्स नावाची नाना वंशांच्या आणि धर्मांच्या लोकांची जुनी वस्ती होती. ११ फेब्रुवारी १९६६ रोजी वंशद्वेष्ट्या सरकारने ती केवळ गोऱ्यांसाठी राखीव ठरविली. साठ हजारांहून अधिक माणसे तेथून हलविली गेली, घरांवर बुलडोझर फिरले आणि प्रार्थनास्थळे तेवढी उभी राहिली. १९९४ साली एका जुन्या चर्चच्या इमारतीत डिस्ट्रिक्ट सिक्स म्युझियम उघडले. त्याच्या जमिनीवर वस्तीचा भला मोठा नकाशा पसरलेला आहे. परतून आलेल्या रहिवाशांनी गुडघ्यांवर बसून, आपले घर कोठे होते ते शोधून, त्या जागी आपले नाव लिहिले. पाडणाऱ्यांनी भिंती पाडल्या, पण नावे पुन्हा जागेवर आली.

आपल्या गावांवर बुलडोझर आले नसतील. तरी कोकणात मोहल्ल्यांतून फिरून पाहा, किती घरांना कुलपे आहेत! कोणी मुंबईला, कोणी आखातात, कोणी त्याही पलीकडे गेले. घरे उभी आहेत, पण त्यांच्या हकीकती जाणणारे बुजुर्ग दरवर्षी कमी होत आहेत.

आता आपण काय करावे?

उपदेश पुरे झाला, कामाचे बोलू.

सुटीत आजी-आजोबांच्या शेजारी बसा आणि पेटीतील फोटो एकेक करून पुढे ठेवा. कोण, कोठे, केव्हा, कोणत्या निमित्ताने, आणि फोटो कोणी काढला, हे पाच प्रश्न विचारा. समूहाचा फोटो असेल तर डावीकडून उजवीकडे ओळीने नावे लिहा. “हे मामूजान” एवढे लिहून भागत नाही. तुमच्या मुलांना मामूजान कोण ते कळणार नाही. पूर्ण नाव आणि गाव लिहा. नाव आठवत नसेल तर जागा मोकळी ठेवा, अंदाजाने भरू नका. चुकीचे नाव मोकळ्या जागेपेक्षा जास्त नुकसान करते.

कित्येक फोटोंच्या मागे उर्दूत एखादी ओळ असते आणि मराठी वा इंग्रजी माध्यमात शिकणाऱ्या नातवाला ती वाचता येत नाही. ती आजोबांकडून वाचून घ्या आणि आपल्या लिपीत उतरवा. आजी-आजोबा सांगत असताना मोबाईलवर त्यांचा आवाज टिपून ठेवा. बोलीतले शब्द आणि सांगण्याची धाटणी कागदावर उतरत नाही.

फोटोच्या मागे लिहायचे तर मऊ पेन्सिलीने, कडेला, हलक्या हाताने लिहावे. बॉलपेनचा दाब समोर उमटतो. फोटो लॅमिनेट करू नये, चिकटपट्टीने जोडू नये, चिकट पानांच्या आल्बममध्ये ठेवू नये. शक्यतो स्कॅनरवर प्रत काढावी आणि ती दोन वेगळ्या ठिकाणी ठेवावी. व्हॉट्सॲपवरून पाठविलेला फोटो लहान होऊन जातो, त्याला मूळ प्रत समजू नये. आणि प्रत काढली म्हणून मूळ फोटो फेकू नये.

एक गोष्ट अदबीची. आपल्या समाजात पुष्कळ बुजुर्ग फोटो काढून घेणे टाळीत. कित्येक घरांत आजीचा एकुलता एक फोटो हजच्या पासपोर्टसाठी काढलेला असतो. त्यांच्या भावनेचा मान राखावा. घरात जपणे वेगळे आणि इंटरनेटवर सर्वांपुढे ठेवणे वेगळे. दुसऱ्यासाठी घरच्यांची संमती हवीच. ज्यांचा फोटोच नाही त्यांची नोंदही करावी. खलाश्याचे सी.डी.सी. पुस्तक, शाळेचा दाखला, हिशेबाची वही, पाककृतींचे चिटोरे यांतूनही माणूस बोलतो.

शाळेलाही यात वाटा उचलता येईल. प्रत्येक विद्यार्थ्याने वर्षातून एक जुना फोटो किंवा कागद आणि त्यावर स्वतः विचारून लिहिलेल्या दहा ओळी आणाव्या. इतिहासाच्या शिक्षकांनी त्या तपासाव्या, एका नोंदवहीत आणि एका संगणकावर ठेवाव्या. शाळेच्या प्रत्येक वर्गाच्या फोटोसोबत नावांची यादी जोडावी. पाटीवर इयत्ता आणि साल असते, पण मागे उभ्या मुलांची नावे कोणी लिहीत नाही. पाच वर्षांत आपल्या तालुक्याचा असा संग्रह तयार होईल की बाहेरच्या अभ्यासकाला आपल्याकडे यावे लागेल.

पालकहो, संगणकाची साठवण आज स्वस्त आहे आणि दिवसेंदिवस वाढते आहे. महाग आहे ती बुजुर्गांची आठवण, आणि ती कोणत्याही दुकानात मिळत नाही. आपली मुले उद्या जगात जातील तेव्हा कोणी तरी त्यांना आपण कोण, असे विचारीलच. त्या वेळी त्यांनी मान खाली न घालता, कोणाला कमी न लेखता, आपल्या आजोबांचे नाव, गाव आणि काम सांगावे. त्यासाठी लागते एक पेन्सिल, एक वही आणि या सुटीतील एक दुपार.