संगणकाच्या बिघाडाची साक्ष : ‘कोअर डंप’ ते स्वयंचलित क्रॅश अहवाल

प्रस्तावना

संगणकावर काम सुरू असताना एखादी आज्ञावली एकाएकी बंद पडते, पडद्यावर एक छोटी चौकट उमटते आणि घडल्या प्रकाराचा अहवाल निर्मात्याकडे पाठवावा काय, असे विचारले जाते. वापरकर्ता बहुधा न वाचताच एखादे बटण दाबून मोकळा होतो. गेल्या काही वर्षांत तर ही चौकटही पुष्कळदा दिसत नाही. अहवाल आपोआप रवाना होतो. तंत्रज्ञानाच्या इतिहासात या अहवालाला फारसे स्थान मिळालेले नाही. वस्तुतः बिघडलेल्या यंत्राने स्वतःच्या बिघाडाविषयी दिलेली ही साक्ष आहे आणि कोणतीही साक्ष म्हटली की ती कोणासमोर दिली जाते, हा प्रश्न इतिहासाच्या अभ्यासकाला टाळता येत नाही. प्रस्तुत लेखात या साक्षीच्या वाटचालीचा मागोवा घेतला असून, यंत्राशेजारी बसलेल्या माणसाकडून ती दूरच्या निर्मात्याकडे कशी गेली आणि या प्रवासात तिच्यातून काय गळाले, हे पाहण्याचा प्रयत्न केला आहे.

‘कोअर’ या शब्दाची पूर्वपीठिका

संगणक कोलमडताना त्याच्या स्मृतीची जी प्रत काढली जाते तिला आजही ‘कोअर डंप’ म्हणतात. हा ‘कोअर’ म्हणजे चुंबकीय फेराइटचे इवलेसे कडे. तारांच्या जाळीत ओवलेल्या अशा एका कड्यात एक बिट साठवला जाई. या जातीची स्मृती मुंबईतही होती. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत प्रा. आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली तयार झालेला संगणक फेब्रुवारी १९६० मध्ये कार्यान्वित झाला आणि १९६२ मध्ये पंडित नेहरूंनी त्याचे ‘टिफ्रॅक’ असे नामकरण केले. त्याच्या फेराइट स्मृतीत प्रत्येकी ४० बिटांचे २,०४८ शब्द मावत. हिशेब केला तर ही सारी स्मृती १० किलोबाइटच भरते. आज एखाद्या साध्या आज्ञावलीच्या बिघाडाचा संक्षिप्त अहवालसुद्धा सहसा याहून मोठा असतो.

अशा यंत्रांच्या काळात बिघाड शोधणे हे यंत्राजवळ बसून करावयाचे काम होते. आज्ञावली थांबली की स्मृतीतील आकडे छापून काढावयाचे आणि एकेक ओळ वाचत चूक गाठावयाची. केंब्रिज विद्यापीठातील एडसॅक या संगणकावर यासाठी खास उपआज्ञावल्या लिहिल्या गेल्या होत्या. स्टॅन्ली गिल यांनी १९५१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात या पद्धतींचे विवेचन आहे. त्यांना नाव पडले होते ‘पोस्टमॉर्टेम’. मृताची उत्तरीय तपासणी आणि आज्ञावलीची तपासणी यांतील साम्य त्या पिढीला सहज सुचले. तथापि तपासणारा आणि आज्ञावली लिहिणारा हे बहुतेक वेळा एकच असत, ही बाब ध्यानात ठेवली पाहिजे.

पुढे १९७० च्या दशकात युनिक्स प्रणालीने हीच रीत कायम ठेवली. चुकीच्या स्मृतिस्थानाला हात घालणारी आज्ञावली प्रणाली थांबवी आणि तिच्या स्मृतीची प्रत ‘कोअर’ याच नावाच्या फाइलमध्ये लिहून ठेवी. फेराइटची कडी इतिहासजमा झाली, नाव मात्र उरले.

डॉक्टर वॉटसन आणि घरातील संगणक

वैयक्तिक संगणक घरोघरी पोहोचल्यावर परिस्थिती पालटली. वापरणारा आणि लिहिणारा यांच्यात आता हजारो मैलांचे अंतर पडले. दुकानदार, विद्यार्थी किंवा कारकून यांच्यासमोर स्मृतीचे आकडे मांडून उपयोग नव्हता. विंडोजच्या तीन क्रमांकाच्या आवृत्त्यांच्या काळात आलेल्या ‘डॉ. वॉटसन’ या साधनाने बिघाडाची नोंद फाइलमध्ये उतरवून ठेवण्याचे काम केले. या साधनाचे आरंभीचे नाव ‘शेरलॉक’ होते. गुप्तहेराचे नाव मागे पडून त्याच्या टिपणे ठेवणाऱ्या मित्राचे नाव रूढ झाले, हे एका अर्थी योग्यच झाले. कारण साधन शोध लावीत नव्हते, केवळ टिपून ठेवीत होते. ती फाइल निर्मात्याकडे पोहोचविणे हे मात्र वापरकर्त्यावरच सोपविलेले असे आणि ते क्वचितच घडे.

इंटरनेटने ही दरी बुजविली. नेटस्केप कम्युनिकेटरच्या ४.५ या आवृत्तीत १९९८ मध्ये बिघाडाचा अहवाल थेट पाठविणारे साधन समाविष्ट झाले. मायक्रोसॉफ्टमध्ये १९९९ च्या सुमारास सुरू झालेल्या प्रयत्नांतून विंडोज एरर रिपोर्टिंग ही यंत्रणा उभी राहिली आणि २५ ऑक्टोबर २००१ रोजी विक्रीस आलेल्या विंडोज एक्सपीबरोबर ती सर्वसामान्यांच्या पडद्यावर आली. ‘पाठवा’ आणि ‘पाठवू नका’ या दोन बटणांची चौकट हीच.

यंत्रणेचे कार्य

या यंत्रणेची घडण सावकाश पाहण्याजोगी आहे. आज्ञावलीने आपल्या मालकीबाहेरच्या स्मृतिस्थानाला स्पर्श केला की प्रोसेसर काम थांबवून ऑपरेटिंग सिस्टीमला सूचना देतो. या अपवादात्मक स्थितीची हाताळणी आज्ञावलीकडे नसेल, तर अहवालाची प्रक्रिया सुरू होते. येथे एक मूलभूत अडचण उभी राहते. जिची स्मृती बिघडली आहे त्या आज्ञावलीकडूनच अहवाल लिहवून घ्यावयाचा, तर त्या अहवालावर विश्वास कसा ठेवावा? एक्सपीमध्ये अहवालाचा आरंभ कोसळत्या आज्ञावलीच्या आतूनच होत असे, आणि ती फारच मोडली असेल तर ती निमूटपणे नाहीशी होई. २००७ मध्ये आलेल्या व्हिस्टापासून हे काम बाहेरच्या स्वतंत्र प्रक्रियेकडे सोपविण्यात आले. ती प्रक्रिया कोसळलेल्या आज्ञावलीच्या स्मृतीत डोकावते, प्रोसेसरमधील नोंदी, कोणत्या क्रियेने कोणत्या क्रियेला बोलाविले याची साखळी आणि वापरात असलेल्या मोड्यूलांची यादी उचलते व ‘मिनिडंप’ नावाची आटोपशीर फाइल तयार करते.

खुद्द ऑपरेटिंग सिस्टीमच कोसळते तेव्हा, म्हणजे निळा पडदा दिसतो तेव्हा, अडचण अधिक बिकट असते. फाइली लिहिणारी व्यवस्था स्वतःच संशयित असल्याने नेहमीच्या मार्गाने काहीही लिहिणे धोक्याचे ठरते. म्हणून स्मृतीची प्रत डिस्कवर आधीच राखून ठेवलेल्या जागेत, पेज फाइलमध्ये, थेट उतरविली जाते. संगणक पुन्हा सुरू झाल्यावर ती तेथून काढून तिची रीतसर फाइल बनते आणि मग अहवाल निघतो. थोडक्यात, अशा बिघाडाची बातमी देण्यासाठी संगणकाला पुन्हा उठावे लागते. या अटीचे महत्त्व पुढे स्पष्ट होईल.

दुसऱ्या टोकाला, निर्मात्याच्या सर्व्हरवर, अहवालांचे वर्गीकरण होते. आज्ञावलीचे नाव व आवृत्ती, कोसळलेल्या मोड्यूलचे नाव व आवृत्ती, त्यातील नेमके स्थान आणि अपवादाचा क्रमांक एवढ्या तपशिलांवरून अहवाल एका कप्प्यात पडतो. एका दोषाला एक कप्पा, हा आदर्श. प्रत्यक्षात एकच दोष अनेक कप्प्यांत विखुरतो किंवा अनेक दोष एका कप्प्यात मिसळतात. अहवाल आला की सर्व्हर प्रथम त्या कप्प्याची संख्या एकाने वाढवितो आणि अधिक माहिती हवी असेल तरच मिनिडंप मागवितो. पुष्कळ अहवालांचे कार्य या एका अंकाने संपते. या यंत्रणेच्या अभियंत्यांनी २००९ मध्ये एका आंतरराष्ट्रीय परिषदेत सादर केलेल्या निबंधानुसार सुमारे ६० सर्व्हर दिवसाला १० कोटींहून अधिक अहवाल स्वीकारू शकत होते.

मोजणीने हाती आलेला निष्कर्ष थक्क करणारा होता. स्टीव्ह बामर यांनी ऑक्टोबर २००२ मध्ये ग्राहकांना लिहिलेल्या पत्रात नमूद केले की सुमारे २० टक्के दोषांमुळे ८० टक्के बिघाड होतात आणि अवघ्या एक टक्का दोषांमुळे निम्मे. तेव्हा आधी कोणता दोष दुरुस्त करावयाचा, हे आता अभियंत्याच्या अंदाजावर नव्हे तर कप्प्यातील संख्येवर ठरू लागले. व्यवहारदृष्ट्या हे शहाणपणाचे होते, यात शंका नाही. मात्र ज्या कप्प्यात थोडे अहवाल, त्याची पाळी उशिरा, हेही त्यातच आले.

मुक्त आज्ञावलींच्या जगातही याच सुमारास अशी साधने आली. उबुंटूमध्ये २००६ मध्ये ‘अपोर्ट’ आणि फेडोराच्या बाराव्या आवृत्तीत २००९ मध्ये ‘एबीआरटी’ दाखल झाले. तेथे अहवाल दोषांच्या खुल्या नोंदवहीत जात असल्याने तो इतरांनाही वाचता येई. पण त्याच कारणाने स्मृतीच्या प्रतीतून खासगी मजकूर चारचौघांत जाण्याचा धोकाही अधिक होता.

मोजणीबाहेरचे संगणक

संख्येवर चालणाऱ्या या व्यवस्थेत मोजले कोण जाते, हा प्रश्न उपस्थित होतो. एक्सपीच्या काळात महाराष्ट्रातील अनेक महाविद्यालयीन प्रयोगशाळांत संगणक होते, परंतु इंटरनेटची जोडणी नव्हती किंवा दूरध्वनीच्या तारेवरून मोजूनमापून वापरली जाई. अशा संगणकांचे बिघाड कोणत्याही कप्प्यात पोहोचणे कठीण होते.

जो संगणक पुन्हा उठत नाही त्याचेही तेच. २७ जून २०१७ रोजी ‘नॉटपेट्या’ या घातक आज्ञावलीने मर्स्क समूहाच्या जगभरातील संगणकांवर घाला घातला, तेव्हा पनवेलजवळील न्हावा-शेवा बंदरातील या समूहाचे टर्मिनल ठप्प झाले. डिस्कवरील माहितीच कुलूपबंद झालेल्या संगणकांकडून अहवालाची अपेक्षा व्यर्थ होती. बिघाडाची बातमी तेथे खोळंबलेल्या कंटेनरांनी दिली, असे म्हणता येईल. १९ जुलै २०२४ रोजी भारतीय वेळेनुसार सकाळी ९.३९ वाजता क्राउडस्ट्राइक या कंपनीने धाडलेल्या सदोष फाइलमुळे जगभरातील विंडोज संगणक निळ्या पडद्यावर अडकले. मायक्रोसॉफ्टने बाधित संगणकांची संख्या ८५ लाख असल्याचा अंदाज दिला. आणि क्रॅश अहवाल पाठविणारे संगणक हा बाधितांचा केवळ एक भाग आहे, असेही पुढे स्पष्ट केले. पुन्हापुन्हा सुरू होऊन पुन्हापुन्हा कोसळणाऱ्या यंत्राला साक्ष देण्याइतकी उसंत मिळणे दुर्घट होते.

साक्ष वाटेत अडविली जाण्याची शक्यताही काल्पनिक नाही. जर्मनीतील ‘डेर श्पीगल’ या साप्ताहिकाने डिसेंबर २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या वृत्तानुसार अमेरिकेची राष्ट्रीय सुरक्षा संस्था विंडोजचे बिघाड-अहवाल टिपत होती. कोणत्या संगणकावर कोणती आज्ञावली कोणत्या ठिकाणी दुबळी आहे, हे सांगणारा कागद हेराला आयताच उपयोगी पडणारा होता.

देवनागरीतील ‘र’ आणि एक अदृश्य अक्षर

फेब्रुवारी २०१८ मधील एक प्रकरण मराठी अभ्यासकांच्या विशेष जिव्हाळ्याचे ठरावे. ॲपलच्या आयफोनवर आणि मॅकोएस हाय सिएराच्या १०.१३.३ या आवृत्तीवर तेलुगू लिपीतील ‘ज्ञा’ हे जोडाक्षर एका विशिष्ट रीतीने लिहिलेले समोर आले की ते दाखवू पाहणारी आज्ञावली कोसळत असे. ज्ञानातील ‘ज्ञा’नेच यंत्र मूर्च्छित व्हावे, या योगायोगावर त्या वेळी विनोदही झाले. वृत्तपत्रांनी ‘तेलुगू अक्षराचा दोष’ म्हणून तो विषय संपविला.

मॅकवर अशा वेळी ‘रिपोर्टक्रॅश’ ही प्रक्रिया अहवाल लिहिते. अपवादाचा प्रकार, क्रियांची साखळी, मोड्यूलांची यादी असे त्याचे स्वरूप असते. अक्षरे रेखाटणाऱ्या ‘कोअरटेक्स्ट’ या भागात आज्ञावली कोठे पडली, हे अशा अहवालातून कळू शकते. पण पडद्यावर त्या क्षणी कोणता मजकूर उमटत होता, हे त्यात सहसा नसते आणि खासगीपणाच्या दृष्टीने ते नसणेच रास्त. परिणामी कोठे पडली याचे उत्तर मिळते. कोणत्या अक्षराला अडखळून पडली, हे मात्र अज्ञात राहते.

हे कोडे सोडविणाऱ्यांत मोझिलातील तत्कालीन अभियंता मनीष गोरेगावकर यांचा वाटा उल्लेखनीय आहे. भारतीय लिप्यांच्या रचनेची जाण असल्याने त्यांनी अक्षरक्रमांची अदलाबदल करून पाहिली आणि दोष केवळ तेलुगूचा नसल्याचे दाखविले. व्यंजन, हलन्त, दुसरे व्यंजन, जोड तोडणारे एक अदृश्य चिन्ह आणि स्वरचिन्ह असा क्रम आला की तेलुगू, बंगाली व देवनागरी या तिन्ही लिप्यांत आज्ञावली कोसळे. देवनागरीत दुसरे व्यंजन ‘र’ असणे आवश्यक होते, म्हणजे ‘क्र’, ‘प्र’, ‘त्र’ यांसारखी जोडाक्षरे. पहिले व्यंजन मात्र ‘र’ चालत नसे.

त्या अदृश्य चिन्हाचे नाव झिरो विड्थ नॉन-जॉइनर. मराठीला ते परके नाही. ‘वाक्‌प्रचार’ या शब्दातील ‘क्’ पाय मोडलेला दिसावा म्हणून टंकलेखक हलन्तानंतर तेच चिन्ह योजतो. त्याचे भावंड असलेले जोडणारे चिन्ह ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ यांतील भेद संगणकावर राखण्यासाठी मराठी माणसाने वर्षानुवर्षे वापरले आहे. जोडाक्षर पुरे झाल्यावर आणि काना देण्यापूर्वी हे चिन्ह घालण्याचे मात्र मराठी लेखनात कारण पडत नाही. त्यामुळे मराठी वापरकर्त्यांकडून या दोषाचे अहवाल आपणहून मोठ्या संख्येने जाण्याची शक्यता नव्हती. तेलुगूतील एका संदेशाची जगभर चेष्टा म्हणून देवाणघेवाण झाली नसती, तर देवनागरीच्या या कप्प्यात किती अंक जमले असते, याची कल्पना करता येते.

ॲपलने १९ फेब्रुवारी २०१८ रोजी दोन्ही प्रणालींसाठी दुरुस्ती प्रसृत केली. तिच्यासोबतच्या सुरक्षाविषयक टिपणात दोषाचे वर्णन एवढेच आहे की विशिष्ट प्रकारे रचलेल्या मजकुरामुळे स्मृतीची मोडतोड होऊ शकत होती आणि येणाऱ्या मजकुराची अधिक चांगली तपासणी करून ती रोखली आहे. ‘र’चा किंवा त्या अदृश्य चिन्हाचा उल्लेख त्यात नाही.