पीचच्या भिंती

पीचचें झाड मूळचें चीन देशांतील. इराणमार्गें तें युरोपांत पोंचलें आणि भूमध्य समुद्राकांठच्या उबदार प्रदेशांत सुखानें वाढूं लागलें. परंतु पॅरिसच्या आसपासची हवा त्यास मानवणारी नव्हती. हें झाड वसंताच्या आरंभींच फुलतें, आणि त्याच दिवसांत तेथें रात्रीं कडाक्याचें दंव पडतें. एका रात्रींत मोहोर करपला, म्हणजे माळ्याचें वर्षाचें उत्पन्न गेलें. असें असतांहि पॅरिसच्या पूर्वेस असलेल्या मोंत्रय गांवच्या माळ्यांनीं १७ व्या शतकापासून याच फळाच्या लागवडींत मोठा लौकिक मिळविला. त्यांचें मुख्य साधन म्हणजे घरच्या घरीं बांधलेली भिंत.

या गांवच्या जमिनींत जिप्समचा दगड विपुल सांपडे. तो भाजून व कुटून केलेलें चूर्ण 'प्लास्टर ऑफ पॅरिस' या नांवानें सर्वांच्या परिचयाचें आहे. माती व दगडगोटे रचून त्यांवर या प्लास्टरचा लेप देत, आणि सुमारें नऊ फूट उंचीची भिंत उभी करीत. अशा अनेक भिंती जवळजवळ असल्यामुळें वारा अडे. दिवसां भिंत उन्हाची ऊब शोषून घेई आणि रात्रीं तीच हळूहळू झाडास परत देई. झाडाच्या फांद्या पंख्याप्रमाणें भिंतीवर पसरीत व कापडाच्या चिंध्यांनीं धरून खिळ्यांनीं बसवीत. प्लास्टरमध्यें खिळा सहज शिरत असल्यानें हें काम सुलभ होई. मोहोराच्या दिवसांत भिंतीच्या माथ्यावरून पेंढ्याच्या चटया सोडून दंव अडवीत.

हें ज्ञान कोणत्याहि विद्यापीठांत जन्मलें नव्हतें. बापानें तें मुलास हातीं काम देऊन शिकविलें. ज्याँ-रोजे शाबोल या धर्मगुरूनें मोंत्रयच्या माळ्यांची पद्धति बारकाईनें पाहून लिहून ठेविली. तो १७६८ सालीं वारला. त्याचा बागकामावरील ग्रंथ १७७० सालीं प्रसिद्ध झाला. विद्वानांस या भिंतींचें महत्त्व उमगण्यापूर्वीं तीनचार पिढ्या त्यांच्या आश्रयानें पोट भरीत होत्या.

१९ व्या शतकांत मोंत्रयमधील या भिंतींची एकूण लांबी सुमारें ६०० किलोमीटर भरत असे. परंतु त्याच शतकाच्या उत्तरार्धांत आगगाडी दक्षिण फ्रान्सचीं फळें पॅरिसच्या बाजारांत आणूं लागली. तेथें ऊन फुकट होतें. भिंत, खिळा, चटई यांपैकीं कशाचाच खर्च नव्हता. भिंतीनें दंव अडविलें, पण स्वस्ताई तिला अडवितां आली नाहीं. शहर वाढलें, जमिनीचा भाव चढला आणि बागांच्या जागीं घरें व कारखाने उभे राहिले.

२००३ सालीं उरलेल्या भिंतींपैकीं सुमारें साडेआठ हेक्टरांचा भाग फ्रेंच सरकारनें संरक्षित ठरविला. मात्र प्लास्टरची भिंत दरसाल डागडुजी मागते. कायद्यानें ती पाडण्यापासून वांचते. उभी राहते ती माळ्याच्या हातानें. तो हात नसेल, तर पावसाचें पाणी तिच्यांत मुरतें आणि ती पुन्हां मातीस मिळते.